काका, बारावीतच फॉर्म भरू का?

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान ज्युनियर कॉलेजच्या समोरच आहे. त्यामुळे बारावी चालू असताना नोकरीला अर्ज करता येतो का, हे पोरंही विचारतात आणि त्यांचे आईवडीलही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: येतो, पण सगळीकडे नाही.

पोलीस शिपाई भरतीला बारावी पास आणि वयाची 18 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे निकालाआधी तो विषयच नाही. सैन्यात अधिकारी होण्यासाठी असलेल्या एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फॉर्म मात्र बारावीत शिकणाऱ्यांना भरता येतो. 2021 पासून मुलींनाही. सैन्यातल्या अग्निवीर जनरल ड्यूटीला (साध्या शिपायाच्या भरतीला) दहावीवर भागतं, पण वय साडेसतरा तरी हवं. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत छापलेलं असतं. पोरं पगाराचा आकडा वाचतात आणि नेमकी तीच ओळ सोडतात.

खरा घोळ नावाचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. सहसा दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख धरतात, म्हणून आधार आधीच त्याच्याशी जुळवून घ्या. आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या. वडिलांचा दिला की ओटीपी जातो शेतात, आम्ही इथे स्क्रीनकडे बघत बसतो.

गावातलं काम हवं असेल तर फॉर्म कशाला? मेडिकल, कापड दुकान, मोबाइल शॉपी, सरळ जाऊन विचारा. 14 ते 18 वयात खाणी, स्फोटकं असली धोक्याची कामं बंद. बाकी काम चालतं. पण संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळात नाही, ओव्हरटाइम नाही, आणि आठवड्याची सुट्टी हवीच. दिवाळीत कापड दुकानात खरी गर्दी सातनंतरच होते, तेव्हा मालकाशी आधीच बोलून घ्या. (मालक हसेल. हसू दे.) माझं विचाराल तर परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ या कामांना उत्तम. त्याआधी अभ्यास सांभाळून जमत असेल तरच.

राहिलं ते ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी नोंदणी फी भरा’. भरती परीक्षेची फी असते, ती अधिकृत संकेतस्थळावर भरायची. व्हॉट्सॲपवर आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवायचे असतील तर दुसरं दुकान बघा, आम्ही पाठवत नाही.