यूपीएसचा बझर आणि परतीचा पाऊस

४ ऑक्टोबर २०२१ ला गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या शाळा परत उघडल्या तेव्हा आमच्या वर्गात बरेच नवीन चेहरे होते. आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ले-केळशीच्या बाजूला. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आलेले कितीतरी चाकरमानी परत गेलेच नाहीत, जाणार कुठे, नोकरीच राहिली नव्हती, कुणाची कंपनी बंद पडली, कुणाला मालकाने फोनवरच सांगितलं आता नको येऊस. आणि गावात तरी काय होतं, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केलेल्या, नवीन पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय?

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, कंत्राटी. पगार अर्धा झाला होता आणि तोही लांबत होता, पण मला जास्त लागलं ते हे की संस्थेने खर्च कापताना पहिली कात्री लावली ती प्रोजेक्टला. फी येत नाही, सिलॅबस पूर्ण करा, ते बाकीचं नंतर बघू. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्या पोराचा बाप घरी बसलाय, ज्याच्या घरात रोज पैशावरून बोलणं होतंय, त्या पोराला आपल्या हाताने काहीतरी चालू झालेलं बघायची गरज सगळ्यात जास्त असते.

मग जे आहे त्यात सुरू केलं. लॅबमधले निम्मे पीसी बंद, चालू होते त्यांच्यावर स्क्रॅचचं, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरचं, जुनं व्हर्जन टाकलं, एमआयटीवाल्यांनी २००७ मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुन्या मशीनवर पण पळतं. मुलांना सांगितलं की घरात सध्या कशाचा त्रास होतोय ते लिहा. निम्म्या वर्गाने एकच लिहिलं, कापलेलं भात भिजतं. परतीचा पाऊस दुपारी कधी येईल सांगता येत नाही, भात खळ्यात पसरलेलं आणि घरातली माणसं रानात. आठवीतल्या एका मुलीने, ती पण मुंबईहूनच आलेली, स्क्रॅचमध्ये ढग आला की आवाज होतो असं केलं आणि मग म्हणाली, मॅडम हे खरंच वाजेल असं करूया ना.

वस्तू विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून लॅबमधला मेलेला यूपीएस उघडला, त्यातला बझर काढला, बोर्डावर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, म्हणजे छोटा करंट मोठा करणारे तीन पायांचे भाग, सापडले, त्यातला एक लावला. एका प्लॅस्टिकच्या झाकणावर दोन उघड्या तारा शेजारी-शेजारी, पाणी पडलं की तारा जोडल्या जातात आणि बझर वाजतो. विहिरीचं पाणी टाकलं, वाजला! पोरं नाचायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला खरा पाऊस आला. झाकण व्हरांड्याच्या बाहेर ठेवलं, सगळा वर्ग दारात, आणि बझर गप्प. झाकण पाण्याने भरून गेलं तरी गप्प. ती मुलगी रडायच्या बेताला आली आणि तेवढ्यात तिचे वडील तिला न्यायला छत्री घेऊन आले. मुंबईत कंपनीत मेंटेनन्सला होते, कपातीत गेले होते, गावात कुणाशी फार बोलायचे नाहीत. ते वाकून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, पावसाच्या पाण्यात क्षार नसतात हो, करंट कमी जातो. एका ट्रान्झिस्टरवर नाय भागायचं."

आणि त्यांनी चप्पल काढून बाकावर बसकणच मारली. फळ्यावर मुलांना काढून दाखवलं, पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर नावाचा पाय दुसऱ्याच्या बेस नावाच्या पायाला, एक करंट शंभरपट वाढवतो तर दोघं मिळून दहा हजारपट. यूपीएसच्या बोर्डावरून दुसरा ट्रान्झिस्टर मोबाइलच्या टॉर्चमध्ये नंबर वाचून शोधला, मुलीच्याच हातात सोल्डरिंग गन दिली, "आधी पाय तापव, मग तार लाव, टोक घासू नकोस." झाकण पुसून कोरडं केलं, परत बाहेर ठेवलं, दोन-चार थेंब पडले नाहीत तोच बझर असा काही किंचाळला की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. आता पोरांपेक्षा बाप जास्त हसत होता. पाऊस थांबला तरी ते गेले नाहीत, पहाटे दव पडलं की हा उगाच वाजेल, झाकण तिरकं ठेवा, तारांमधलं अंतर वाढवा, खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं ते आठवड्याने घासायचं, असं एकेक सांगत बसले.

त्यानंतर ते दर शनिवारी यायला लागले. फुकट. हे मला बरोबर वाटत नाही. ज्या माणसाची नोकरी गेलीय त्याच्याकडून शाळेने फुकट काम का करून घ्यावं? गावागावात असे फिटर, वायरमन, मोबाइल रिपेअरवाले घरी बसले होते आणि आम्ही म्हणत होतो शिकवायला माणूस नाही. त्यांच्या मानधनाची एक ओळ मी खर्चाच्या प्रस्तावात टाकली, संस्थेने ती खोडून परत पाठवला. मी तीच ओळ पुन्हा लिहिली, सोबत पालकांच्या सह्या जोडल्या आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले.