राखेच्या बुधवारआधी मुलांना काय शिकवायचं

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गात उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तू काय सोडणार?’ उत्तरही ठरलेलं, चॉकलेट. माझ्या मते सुरुवात इथून करूच नये, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावतात त्या राखेपासून करावी. कपाळावर काय लागतं आणि ते कुठून आलं हे मुलांनी स्वतःच्या हाताने केलं, की पुढचं समजावणं सोपं जातं.

बुधवारच्या दहा दिवस आधी, रविवारी, मुलांना घरातल्या क्रूसामागे खोचलेल्या गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या आणायला सांगा. त्या आशीर्वादित असल्यामुळे कचऱ्यात टाकायच्या नसतात. त्या जाळूनच राख होते. मुलांनी कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत आणि दोन-तीन दिवस उन्हात घालावेत. ओल राहिली तर नुसता धूर होतो. जाळण्याचं काम मोठ्यांचं: उघड्यावर, लोखंडी कढईत, मुलं चार पावलं लांब. बादलीभर पानांची राख मूठ-दोन मुठीच निघते, म्हणून झावळ्या भरपूर जमवा. आत निखारे तग धरतात, तेव्हा राख दुसऱ्या दिवशीपर्यंत प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका.

पहिल्यांदा जाळल्यावर तपकिरी, अर्धवट जळालेले धागे उरतात. ते कपाळाला चिकटत नाहीत, खरखरतात. ते वेगळे काढून पुन्हा जाळा. मग सगळं खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून गाळा. हे कुटणं-गाळणं मुलांना द्या, तोंडाला रुमाल बांधून.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: राखेत पाणी कालवून लेप करू नका. राख क्षारयुक्त असते. पाण्यात कालवली की तिचं दाहक द्रावण होतं, आणि असा ओला लेप कपाळावर तासन्‌तास राहिला तर कोवळी कातडी भाजते. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर राखेवर पवित्र पाणी शिंपडतात, ते थेंबभरच. राख चिकटत नसेल तर खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब पुरतात.

राख लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात. एक, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. दुसरं, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. दुसरं ऐकून लहान मुलं घाबरतात. ते आदल्या रविवारीच वाचून दाखवा आणि प्रश्न विचारू द्या. अलीकडे घरात कोणी वारलं असेल तर त्या मुलाशी वेगळं बोला. राख हा चर्चच्या सात संस्कारांपैकी नाही, त्यामुळे पहिलं कम्युनियन (पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं) न झालेल्यांनाही ती लावतात, तान्ह्यांनासुद्धा.

उपवासाचे नियम अचूक सांगा. मांस वर्ज्य करण्याचं बंधन वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, आणि उपवासाचं बंधन 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. बंधनाच्या उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. एकदा पोटभर जेवण, आणि दोनदा थोडं, तेही मिळून पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. वर्गातल्या मित्राचा उपवास साबुदाण्याचा असतो म्हणून मुलं गोंधळतात. आपल्याकडे भात-भाकरी चालते, माप कमी होतं. दहा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवू नका, परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच.

शुक्रवारी मांस नाही, पण मासे चालतात. वसईच्या किनाऱ्यावर मटणाऐवजी पापलेट खाणं म्हणजे त्याग कसला, असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच. तिचं बरोबर आहे. नियम पाळला, पण त्याग काही घडला नाही. अशा वेळी दानधर्माकडे वळा: चॉकलेट सोडलं तर त्याचे दहा रुपये डब्यात पडले पाहिजेत, नाहीतर ती फक्त घरची बचत. डब्यातले पैसे कुठे जाणार हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि मुलांना सांगा.

चाळीस दिवस कसे, यासाठी ‘कालनिर्णय’ भिंतीवरून काढून आणा. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर 28 मार्चला. 10 फेब्रुवारीपासून 27 मार्चपर्यंत मुलांना मोजू द्या: 46 दिवस भरतात. सहा रविवार वजा केले की 40. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो या चाळीस दिवसांत धरत नाहीत. ‘मग रविवारी चॉकलेट चालेल?’ हा प्रश्न येतोच. चालेल, पण हे आधी ठरलेलं असावं, नाहीतर भावंडांत भांडणं होतात.

शेवटचं काम राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी उरकता येतं. मोठ्या कागदावर ‘आलेलुया’ (देवाची स्तुती करा, असा जयघोष) लिहून रंगवा, गुंडाळी करून डब्यात बंद करा आणि डबा वेदीपासून दूर ठेवा. मध्ययुगीन युरोपात आलेलुयाला असा निरोप देत असत. उपवासकाळ सुरू झाल्यापासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सेत तो शब्द गायला जात नाही. डबा कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या, कारण सहा आठवड्यांत एक जण विसरतो.