स्टिअरिंगवरचा गिअर खाली का आणला?

आमची शेवरोले पिकअप कुठेही उभी असली, पेट्रोल पंपावर असो की सुपारी घालायला नेलेली बागायतदार या खरेदी-विक्री संस्थेच्या आवारात असो, जुन्या गाड्यांची पारख असलेला कुणीतरी खिडकीतून डोकावतो आणि विचारतो, "वहिनी, हिचा गिअर स्टिअरिंगला असतो ना? खाली कसा आणलात? आणि कशाला? ओरिजिनल ठेवायची होती." हल्ली असंही विचारतात, "आमच्या घरी एक जुनी पिकअप आहे, आम्हीही करून घ्यावं का?" उभ्या उभ्या या दोन्हींचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सगळं लिहिते.

गाडी 1950 च्या दशकाच्या अखेरची, शेवरोले 3100. सहा सिलिंडर, 235 घनइंचाचं म्हणजे सुमारे 3.9 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि तीन गिअर. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पण 1950 च्या दशकाच्या मध्याला ते काम थांबलं होतं, तेव्हा ही तिकडची नव्हे. ती मुरगाव बंदरात उतरली. गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं, खाणींचा पैसा यायला लागला होता, भारतात आयातीवर असलेली बंधनं इथे नव्हती. पोर्तुगालने 1928 मध्ये वाहतूक उजव्या बाजूला नेली, पण गोव्याने शेजारच्या मुलखासारखी डावीच ठेवली. त्यामुळे हिचं स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला होता. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी ती एका खाणमालकाकडून घेतली. तेव्हापासून ती फोंड्याजवळच्या सावई-वेऱ्यात आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राबते आहे. नारळ, सुपारी, केळ्यांचे घड, शेणखत, पंप, पाइप, सगळं तिच्यातून गेलंय.

स्टिअरिंगवरच्या गिअरला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. ती फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. अमेरिकेत कॅडिलॅकने 1938 मध्ये दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेला, आणि दोन-तीन वर्षांत बहुतेकांनी तेच केलं, कारण पुढची सीट अखंड मोकळी झाली, तिघं आरामात बसू लागले. तिकडच्या पिकअपांवर हा गिअर 1980 च्या दशकापर्यंत टिकला. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी चालवलेल्या पिढीच्या हाताला तो अजून आठवत असेल. आमच्या गाडीत दांडा आपल्याकडे ओढून खाली केला की पहिला, ओढून वर केला की रिव्हर्स. सोडून दिला की वर दुसरा आणि खाली तिसरा. चतुर्थीला माशेलहून गणपती आणताना सासूबाई मधे बसायच्या, मूर्ती मांडीवर, पाय ऐसपैस पसरलेले. ती मोकळी जागा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि बदल करताना सगळ्यात जास्त विचार मी त्या जागेचा केला.

मग बदललं का? बॉनेट उघडून खांबाच्या तळाशी, स्टिअरिंग बॉक्सच्या वर बघा. तिथे दोन छोटे लिव्हर असतात. एक पहिला आणि रिव्हर्स यांचा, दुसरा वरच्या दोन, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या, गिअरांचा. त्यांच्यापासून निघालेले दोन रॉड गिअरबॉक्सच्या कडेच्या दोन लिव्हरांना जोडलेले असतात. वरचा दांडा तुम्ही आपल्याकडे ओढता किंवा सोडता, तेव्हा आतली एक पिन या लिव्हरमधून सुटून त्या लिव्हरमध्ये अडकते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पहिला लिव्हर बरोबर न्यूट्रलला येऊन थांबला, तरच पिनेला पलीकडे जायला वाट मिळते. बुश (फिरत्या भागाखालच्या छोट्या नळ्या) झिजले, रॉडच्या टोकांची भोकं अंडाकृती झाली की तो बरोबर न्यूट्रलला येत नाही. पिन मधेच राहते, आणि दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून गिअरबॉक्सच्या आत जी अडसर असते ती काहीच हलू देत नाही. दांडा दगडासारखा घट्ट होतो.

दिवाडीला माझं माहेर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जायचं. एका जून महिन्यात पलीकडच्या धक्क्यावर उतरले, पहिल्या गिअरात उतार चढले, आणि दुसरा टाकायला गेले तो दांडा तिथेच अडकला. मागे स्कूटरी, मासे घेऊन निघालेली टेम्पो, आणि बोटवाल्याचा आरडाओरडा. चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं, हात कोपरापर्यंत आत घालून दोन्ही लिव्हर एकमेकांच्या समोर आणले. पाऊस मानेवरून आत जात होता. मला हे जमतं, कारण सासऱ्यांनी शिकवलं होतं. पण त्या दिवशी गाडीत मी नसून आमचा मुलगा असता, किंवा कुळागरात काम करणारा गडी असता, तर ती तिथेच उभी राहिली असती. 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हापासून या देशात बहुतेक माणसं जमिनीवरचाच गिअर शिकत आली आहेत. आमच्या घरात मी सोडून हिला कुणी हात लावेनासं झालं होतं. कामाच्या गाडीची एकाच माणसावर भिस्त राहिली, तर ते माणूस आजारी पडल्यावर सुपारी अंगणातच राहते. माझं खरं कारण हे.

तुमच्या गाडीचा दांडा अडकत असेल तर आधी मूळचं दुरुस्त करून बघा, हे मी कळकळीने सांगते. एकाला सीटवर बसवून दांडा हळू हलवायला सांगा आणि स्वतः खाली बघा. वर किती हलल्यावर खाली रॉड हलायला लागतो? मधली सगळी हालचाल म्हणजे झीज. बुश लेथवर पितळेचे करून मिळतात, भोकं भरून पुन्हा पाडता येतात. बऱ्याच गाड्या एवढ्यावर आणखी वीस वर्षं चालतील. मग दुसरी तपासणी: दोन्ही रॉड काढा आणि गिअरबॉक्सचे लिव्हर थेट हाताने हलवा. तिथेही अडखळत असेल, किंवा चालताना दुसरा गिअर आपोआप सुटत असेल, तर दोष पेटीत, म्हणजे गिअरबॉक्समध्येच आहे. दुसऱ्यात टाकताना खरखर होत असेल तर क्लच पूर्ण सुटतो की नाही तेही बघा. (पहिल्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत दात्यांचा वेग जुळवणारी सोय, नसतोच, तो गाडी थांबल्यावरच टाकायचा.) यातलं काहीही गिअर खाली आणून बरं होत नाही. आमच्या गाडीत पेटी ठणठणीत होती. झिजला होता तो खांबातला आतला नळा आणि त्याचा खालचा आधार. तो भाग इथे मिळत नाही. केलेले बुश त्या झिजलेल्या नळ्यावर पुन्हा सैल व्हायचे.

सल्ला देणारे बहुतेकजण म्हणाले की दुसऱ्या गाडीची पेटी बसवा, खालचा गिअर आपोआप येईल. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पेटी बदलली की इंजिन आणि पेटी जोडणारं बेल हाउसिंग जुळत नाही, क्लच प्लेटचे दाते जुळत नाहीत, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी बदलावी लागते, स्पीडोमीटरची केबल बसत नाही, पेटीखालच्या आडव्या क्रॉस मेंबरला वेल्डिंग येतं. एक दांडा खाली आणायला अर्धी गाडी परकी करायची. आणि पुन्हा मूळची करायची म्हटली तर वाट बंद.

आम्ही पेटी तीच ठेवली. तीन गिअरच्या पेटीसाठी जमिनीवरच्या गिअरचे तयार संच अमेरिकेत कैक वर्षं मिळतात. हर्स्ट हे त्यातलं जुनं नाव. आमच्या शेजारचा एकजण जहाजावर असतो, त्याने तसा एक वापरलेला संच आणून दिला. संचासोबतचं ब्रॅकेट आमच्या पेटीला लागलं नाही, ते फोंड्याला लेथवर करून घेतलं. इथे एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा: हे ब्रॅकेट पेटीच्याच बोल्टांवर बसलं पाहिजे. चासीला किंवा केबिनच्या पत्र्याला ते लावणं सोपं असतं, म्हणून तिथेच लावण्याकडे कल असतो. पण इंजिन आणि पेटी रबरावर बसलेली असतात, चढावर जोर लागला की ती डुलतात. दांडा चासीला आणि पेटी हलती, मग रॉड ओढले जातात आणि भरल्या गाडीत गिअर सुटतो. फर्मागुडीच्या चढावर हे झालेलं तुम्हाला आवडणार नाही.

रॉड जुळवण्याचं काम मला फार आवडलं, तिथे मी मिस्त्रीच्या शेजारी जमिनीवर पडून होते. संचाच्या आतल्या दोन पट्ट्यांना भोकं असतात. दोन्ही न्यूट्रलला असताना त्या भोकांतून एक सरळ पिन आरपार जाते. पिन घालून ठेवायची, पेटीचे दोन्ही लिव्हरही न्यूट्रलला आणायचे, आणि मग रॉडच्या टोकाचे आटे फिरवत लांबी अशी आणायची की रॉड जोर न लावता भोकात पडावा. जराही दाबून बसवावा लागला तर अजून अर्धा आटा. क्लिप लावायच्या, पिन काढायची, दांडा हलवून बघायचा. पहिल्यातून दुसऱ्यात तो विनाअडथळा गेला तेव्हा मिस्त्रीने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर स्टॉपचे बोल्ट लावले, म्हणजे घाईत कुणी दांडा ढकलला तरी पेटीतल्या, गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर जोर येत नाही. रॉड सायलेन्सरच्या पाइपला आणि क्लचच्या जोडणीला घासत नाहीत ना, हे गाडी उभी असताना आणि कुणी इंजिन रेस करत असताना, असं दोन्ही वेळा पाहिलं.

पत्र्याला मी करवत लावू दिली नाही. पेटीच्या वर केबिनच्या तळाला बोल्टांनी बसवलेलं झाकण असतं. ते अख्खं काढून ठेवलं, त्याच मापाचं नवीन झाकण केलं आणि भोक त्याला पाडलं. आपल्याकडच्या पावसात हे भोक म्हणजे चिखलाला आमंत्रण, म्हणून रबरी बूट दुहेरी लावलाय, एक पत्र्याच्या वरून, एक खालून, आणि कडेने सीलंट. झाकणाला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारून मग रंग. तरी दर पावसाळ्यानंतर ते उघडून बघते.

दांड्याचा बाक दोनदा बदलून घेतला. सरळ दांडा मधल्या माणसाच्या गुडघ्यांच्या मधोमध येत होता. आता तो खालून पुढे जाऊन मग वर वळतो. तिसऱ्या गिअरात तो सीटला टेकत नाही, दुसऱ्यात डॅशबोर्डला लागत नाही. मधे लहान मूल किंवा सडपातळ माणूस बसू शकतं, पाय डावीकडे घेऊन. सासूबाई आता खिडकीशी बसतात. त्या या बदलावर खूश नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

आता ओरिजिनलचं. ज्यांना ही चिंता असते त्यांना मी आधी हे सांगते की याच पिकअपवर कंपनी जमिनीवरचा चार गिअरचा बॉक्सही देत होती, जड कामासाठी. दांडा खाली असलेली 3100 कारखान्यातूनही निघालेली आहे. दुसरं म्हणजे 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. तुमची गाडी त्या वाटेने न्यायची असेल तर स्टिअरिंगवरचा गिअर तसाच ठेवा. झिजला असेल तर बाहेरून भाग मागवा, खर्च करा, पण ठेवा. तशा गाड्या आपल्याकडे थोड्या उरल्यात आणि त्या चालवता येणारी माणसं त्याहून थोडी. आमची गाडी रोज सुपारी वाहते. तिला कामातून काढून शोभेला ठेवणं आम्हाला परवडणारं नाही आणि मला ते नकोही आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन काय करणार आहोत ते सांगून, विचारून आले. तुम्हीही विचारा, विशेषतः मधल्या सीटचं, कारण आरसी बुकात माणसांची संख्या लिहिलेली असते.

तेव्हा करून घ्यायचं तर कुणाला? ज्यांची गाडी कामात आहे, ती एकाहून जास्त हातांनी चालायला हवी, पेटी चांगली आहे आणि खांब दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे, त्यांनी जरूर करावं. नुसता खालचा गिअर दिसायला रुबाबदार वाटतो म्हणून विचारत असाल तर मी नको म्हणेन.

आणि करायचं ठरवलंत तर दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात काम लांबलं की पाऊस येतो, आणि झाकण उघडं असलेली केबिन चार दिवसांत गंजायला लागते. मिस्त्रीला पहिल्या दिवशीच सांगा की काढलेला एकही भाग भंगारात जाणार नाही. दांडा, रॉड, खालचे दोन लिव्हर, झाकण, क्लिपासुद्धा ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, प्रत्येकावर कुठला ते लिहून घरी आणा. आमचे माळ्यावर आहेत. कुणाला आपल्या गाडीसाठी मापं घ्यायची असतील तर या, काढून दाखवीन.