गोळीने डोकं फिरतं का हो, ताई?

आमच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न कधी मोठ्याने येत नाही. बाई आधी दुकान रिकामं व्हायची वाट बघते, काउंटरवरची कॅल्शियमची बाटली उगाच फिरवून बघते आणि मग हळूच विचारते, "ताई, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी डोकं फिरतं का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काहींचं फिरतं. माझं फिरलं होतं.

चोविसाव्या वर्षी पीसीओडीसाठी, म्हणजे हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होते त्यासाठी, मला याच गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिसऱ्या पाकिटात असताना एकदा दूध उतू गेलं आणि मी ओट्यापाशी अर्धा तास रडत बसले. दूध काय, आमच्याकडे दर दोन दिवसांनी उतू जातं. डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका. आई म्हणाली, लग्न जमत नाहीये म्हणून होतंय. डी. फार्म झालेली मी, पण मलाही गोळीचा संशय यायला आणखी एक पाकीट लागलं. गोळ्या बंद केल्यावर दोनेक महिन्यांत बरं वाटलं. पण त्याच सुमारास बाबाही आजारातून उठले होते, त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडायला मी तयार नाही.

आत काय होतं? अंडं सुटलं की अंडाशय प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवतं. त्यातून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर, म्हणजे गाबा जिथे चिकटतो त्या जागेवर, काम करतो. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. डायझेपामसारखी औषधंही तिथेच लागू पडतात. गोळी चालू असताना अंडं सुटत नाही, मग हा पदार्थही कमी पडतो. माला-डी या गोळीतल्या लेव्होनॉरजेस्ट्रेल या कृत्रिम हार्मोनपासून तो बनत नाही. आता एवढ्याच हिशोबाने गेलं तर गोळी घेणारी प्रत्येक बाई रडायला हवी. तसं होत नाही. उलट पाळीआधी ज्यांची मनःस्थिती फार बिघडते, त्यांतल्या काहींना ड्रॉस्पिरेनोन या दुसऱ्या कृत्रिम हार्मोनच्या गोळीने आराम पडतो. अमेरिकेत 2006 साली त्यासाठी तिला मान्यताही मिळाली. मेंदू सगळ्यांचे सारखे नसतात, एवढंच.

डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या, 2016 मध्ये ते छापून आलं. हार्मोनवालं साधन न वापरणाऱ्या हजारातल्या साधारण 17 जणींना वर्षभरात पहिल्यांदा नैराश्याचं औषध लागलं, वापरणाऱ्यांत 22 जणींना. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये फरक जास्त होता. या नुसत्या नोंदी, त्यामुळे गोळीनेच झालं असं म्हणता येत नाही. पण दुसऱ्या वर्षी स्वीडनमध्ये 340 जणींना तीन महिने एक तर गोळी दिली, नाहीतर तशीच दिसणारी खोटी गोळी. त्या गोळीतली औषधं माला-डीचीच, मात्राही तीच. नैराश्य ठळकपणे वाढलं नाही, पण गोळीवाल्यांना एकूण कमी बरं वाटत होतं. "कमी बरं वाटणं" हा आजार नाही, म्हणून कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही. घरात मात्र तेच जाणवतं.

म्हणून मी सांगते, कालनिर्णयवर फुली मारा. ज्या दिवशी विनाकारण भडका उडाला किंवा रडू आलं, त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी. गोळी बंद करायचीच असेल तर त्या दिवसापासून निरोध घरात हवा. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर फुल्या मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

परवा एक जण तीन महिन्यांची पानं घेऊन आली. फुल्या अकरा, त्यातल्या नऊ पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्यांच्या आठवड्यात. त्या सात गोळ्यांत नुसतं लोह असतं, हार्मोन नसतंच. म्हणजे तिला गोळी नाही, गोळीतली सुट्टी बाधत होती. मी म्हटलं, हे डॉक्टरीणबाईंना दाखवा. तिने पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "पण परत आणते हां ताई, मागे लाडवांची कृती आहे."