ऑक्सफर्डमधील युनिटेरियन प्रार्थनामंदिर

ऑक्सफर्डला जाणारा मराठी प्रवासी बहुधा बोडलियन ग्रंथालय आणि क्राइस्ट चर्च पाहून संध्याकाळी लंडनला परततो. परंतु ज्या मँचेस्टर कॉलेजात समाजसुधारक आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर तौलनिक धर्माचा अभ्यास केला, ते बोडलियनपासून पायी दहा मिनिटांच्या आत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आता त्याचे नाव हॅरिस मँचेस्टर कॉलेज असे आहे. तेथील प्रार्थनामंदिर १८९३ मधले, म्हणजे शिंदे आले तेव्हा ही वास्तू जेमतेम आठ वर्षांची होती.

युनिटेरियन पंथ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रयी नाकारून एकच ईश्वर मानतो, त्यामुळे प्रार्थना समाजाशी त्याचे सूत सहज जुळले. मात्र गिरगावातील समाजमंदिराच्या साधेपणाची सवय असलेल्याला येथील थाट चकित करतो. चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांनी रेखाटलेल्या आणि विल्यम मॉरिस यांच्या कारखान्यात घडलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या हे येथील खरे वैभव होय. बायबलमधील सृष्टिनिर्मितीच्या सहा दिवसांच्या चित्रांत प्रत्येक देवदूताच्या हाती एक गोल असून त्या त्या दिवशी जे निर्माण झाले ते त्या गोलातच दाखवले आहे. सहाव्यात आदम आणि हव्वा दिसतात. हे बारकावे खालून नीट दिसत नाहीत, म्हणून लहान दुर्बीण जवळ असावी आणि शक्यतो स्वच्छ उन्हाचा दिवस निवडावा. घाईत पाहण्याची ही जागा नव्हे. निदान पाऊण तास हाताशी ठेवावा.

हे चालते कॉलेज असल्याने थेट आत शिरता येईल असे गृहीत धरू नये. आधी ईमेलने परवानगी मागावी, पोहोचल्यावर मॅन्सफील्ड रोडवरील प्रवेशद्वारापाशी पोर्टरला, म्हणजे तेथील द्वारपालाला, भेटावे आणि छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे. परीक्षांचा काळ टाळलेला बरा. शिंदे यांचा संदर्भ सांगायचा असल्यास त्यांचे पूर्ण नाव आणि वर्षे इंग्रजीत लिहून न्यावीत, कारण केवळ ‘महर्षी’ म्हटल्याने तेथे कोणाला बोध होणार नाही.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून रेल्वेने साधारण तासाभरात ऑक्सफर्ड गाठता येते, आणि स्थानकापासून कॉलेज पायी सुमारे पंचवीस मिनिटांवर आहे. व्हिक्टोरियाहून सुटणारी बस स्वस्त पडते, पण वेळ बराच अधिक घेते. हाती आणखी एक दिवस असेल तर ब्रिस्टलला जावे. तेथील आर्नोस व्हेल दफनभूमीत ब्राह्मो समाजाचे संस्थापक राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे.