तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेल फिल्टर मी घरीच का बदलतो

"बेळगावात गॅरेजं कमी हायत काय? तुम्ही कशाला हे करूलालाय?" दाजींचा हा प्रश्न ठरलेला. शेजारचे काका कंपाउंडच्या भिंतीवरून तेच विचारतात आणि उद्यमबागेत माझ्याबरोबर कामाला असलेली माणसंही. मी काहीतरी अर्धवट बोलतो आणि ऐकणारा आधीच धरून ठेवलेलं उत्तर घेऊन जातो: मजुरी वाचवतोय. मजुरी वाचते, नाही असं नाही. पण तेवढ्यासाठी मी रविवारची सकाळ डिझेलच्या वासात घालवली नसती, आणि बायकोची बोलणीही खाल्ली नसती. तो वास दोन-दोन दिवस हाताला राहतो, हे तिचं म्हणणं खरं आहे.

मला जुना फिल्टर बघायचा असतो, हे माझं खरं उत्तर आहे. नवा बसवणं हे त्यामागून येणारं काम.

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाला बसतं. खालचा ड्रेन स्क्रू सैल करून निघेल ते काचेच्या बरणीत घेतलं आणि थोडा वेळ हलवलं नाही, की थर वेगळे दिसतात. वर डिझेल, खाली पाणी. पाणी बराच काळ साचून राहिलं असेल, तर दोन्हींच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळसर चिकट थर धरतो. फिल्टरचा कागद गंजाच्या रंगाचा निघाला तर टाकीकडं बघायचं. चंदेरी चुरा मात्र कधी सापडू नये. गेल्या कित्येक महिन्यांत गाडीच्या पोटात काय गेलं, ते त्या एका डब्यात साठलेलं असतं, आणि गॅरेजमध्ये तो डबा पाच मिनिटांत भंगाराच्या ड्रममध्ये जातो.

एके काळी मीच या सगळ्याच्या विरोधात होतो, हेही सांगायला हवं. माझं आयुष्य हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवण्यात गेलं. आमच्या कामात मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, हिशेब असतो. स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत बारीकसा कण गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून मी ठामपणे म्हणायचो, ज्याचं काम त्यानं करावं. अंगणात धूळ उडते, कोंबड्या फिरतात, तिथं डिझेलची लाइन उघडणं म्हणजे घाण आत घालणं. माझं तेव्हाचं ते म्हणणं मला आजही खोटं पाडता येत नाही.

एका जुलैमध्ये आईला घेऊन डिचोलीहून परत येत होतो. मावशी तिथं असायची. चोर्ला घाट चढून कणकुंबी मागं टाकली. पाऊस असा, की वायपर फिरून जायच्या आत काच परत भरायची. जांबोटीच्या अलीकडं गाडीनं दोन-तीन गचके दिले, पिकअप गेला आणि इंजिन बंद पडलं. परत स्टार्टर मारला, इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. दोन्हीकडं जंगल, मोबाइलला रेंज नाही. आई मागच्या सीटवर अंगाला शाल घट्ट लपेटून बसली होती आणि मधूनमधून एवढंच विचारायची, "होईल न्हवं सुरू?" मी होईल म्हणत होतो. शेवटी एका दूधगाडीवाल्यानं तिला केबिनमध्ये घेतलं आणि जांबोटीपर्यंत आणून सोडलं. गाडीत चढेपर्यंत ती पूर्ण भिजली होती.

गाडी ओढून बेळगावात आणली. मेकॅनिकनं हाय प्रेशर पंप उघडून आतलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं, आणि त्यावर बारीक चंदेरी चमक पसरली. त्यानं मला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ही चमक मी कामावर पाहिलेली आहे. कॉमन रेल गाडीत पंप मोठ्या दाबानं डिझेल एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. त्यात पाणी आलं की वंगण तुटतं, पंपाच्या आतले भाग एकमेकांना खातात, आणि तो चुरा रेलमधून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनमधून टाकीत जातो. पंप, रेल, चारही इंजेक्टर बदलायचे आणि टाकी उतरवून धुवायची. बिल लाखाच्या वर गेलं.

फिल्टर तर दिवाळीच्या सर्व्हिसला बदललेला होता. त्यात आता पाणी सापडलं. पण दिवाळीला निघालेल्या फिल्टरमध्ये होतं का? असेल, तर रोग तेव्हापासूनचा होता आणि त्याच वेळी टाकी साफ केली असती तर पंप वाचला असता. नसेल, तर पावसाळ्यात कुठंतरी भरलेल्या डिझेलमधून ते आलं, किंवा अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी झालं. सर्व्हिस जिथं झाली तिथं विचारलं. कुणाला आठवत नव्हतं. त्यांना दोष कसा देऊ? त्यांनी फिल्टर वेळेवर बदलला होता, नवाच घातला होता. बघायचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आई त्यानंतर चोर्ल्याच्या रस्त्यानं गेली नाही. मावशी वारली तेव्हा मी म्हटलं, दिवसाउजेडी नेतो, गाडी आता नवीनसारखी आहे. ती नको म्हणाली. दाजी, हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

आता काकांसाठी थोडं, कारण ते ट्रॅक्टरवाले आहेत आणि त्यांचा सल्ला मी ऐकत नाही म्हणून रागावतात. काका, जुन्या ट्रॅक्टरला एअर धरली, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली, की इंजेक्टरचा नट सैल करून ती काढतात, ते तिथं चालतं. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. त्या नळ्यांना मी हात लावत नाही. दुसरं, नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरायचा नाही. ते न गाळलेलं डिझेल फिल्टरच्या स्वच्छ बाजूला गेलं, तर थेट पंपात जातं. माझ्या गाडीच्या डिझेल लाइनवर हातानं दाबायचा छोटा पंप आहे, तो कडक होईपर्यंत दाबायचा आणि मग स्टार्टर थोडा थोडा मारायचा. उघडायच्या आधी सगळं ब्रशनं झाडून हवा मारतो, इंजिन थंड असताना. खाली अल्टरनेटर आहे त्यावर प्लास्टिक टाकतो. कॉटन वेस्ट (पुसायचा सुताचा गुंता) जवळ येऊ देत नाही, त्याचे धागे सुटतात. नवा ओरिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) डिझेलमध्ये बुडवून बसवतो. बरणीतलं घाण डिझेल गटारात जात नाही, ते वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडं जातं.

एवढी काळजी घेऊनही धुळीबद्दलची ती जुनी शंका माझ्या मनातून गेलेली नाही. वारा सुटला तर मी काम थांबवतो, आणि लाइन उघडी असतानाच वारा सुटला तर काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. घरी केल्यानं माझा पंप वाचला, असंही छातीठोक सांगता येणार नाही. कदाचित तो असाही टिकला असता. एकदा बरणीत तळाला बोटभर पाणी दिसलं, तेव्हा टाकी उतरवून साफ करून घेतली आणि डिझेल जिथं भरायचो तो पेट्रोल पंप बदलला. एवढंच माझ्या बाजूनं आहे.

आणि दाजी, तुमच्या नव्या गाडीचा फिल्टर मी बदलणार नाही, कितीही म्हणालात तरी. ती २०२० नंतरची, बीएस-६. अशा काही गाड्यांत फिल्टर बदलल्यावर कॉम्प्युटर जोडून टाकीतला पंप चालवावा लागतो, तसा कॉम्प्युटर माझ्याकडं नाही, आणि तुमची वॉरंटीही अजून आहे. तुम्ही सर्व्हिसलाच द्या. फक्त गाडी देतानाच सांगून ठेवा, जुना फिल्टर पिशवीत घालून मला परत पाहिजे, आतलं डिझेल सांडू नका. द्यायला कुरकुर करतील. तरी मागून घ्या आणि शनिवारी इकडं घेऊन या, बरणी मी धुऊन ठेवतो.