वेध

ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जातो तो फार तर साडेसात मिनिटं, एरवी दोन-तीनच. त्याचे वेध, म्हणजे खाणंपिणं बंद ठेवायचा काळ, मात्र चार प्रहर आधीपासून, म्हणजे चांगले बारा तास. चंद्राला थोडी सवलत आहे, तीन प्रहर. स्पर्श, मध्य, मोक्ष, म्हणजे ग्रहण लागणं, भरणं, सुटणं, हे सगळं आटोपशीर असतं. खरं लांबतं ते हे आधीचं थांबणं.

१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण मला आठवतं. खग्रास पट्टा कारवारवरून कोणार्ककडे गेला होता, आमच्या वाट्याला खंडग्रास. ग्रहण दुपारचं, पण पहाटेपासूनच चूल गार. दुधा-दह्यात, लोणच्याच्या बरणीवर, पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्रं पडलेली. समोरच्या घरातली गरोदर सून आदल्या रात्रीपासूनच विळी-सुईपासून लांब बसवलेली. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दारं-खिडक्या लावून आम्ही आत, आणि मधोमध आजीची परात.

तिच्यात तांब्याभर पाणी घालून आजी मुसळ उभं करायची. लोखंडी कडं बसवलेलं तोंड खाली, दोन्ही तळवे बाजूंना, श्वास रोखलेला. मग हळूच हात काढायची. मुसळ उभं! ग्रहण सुटलं की ते आपोआप पडतं, असं ती सांगे. आम्ही पोरं त्याच्याकडे टक लावून. सूर्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून आम्ही मुसळाकडे बघून ग्रहण पाहिलं.

पुढे एका साध्या मंगळवारी, घरात कुणी नसताना, मी तेच मुसळ त्याच परातीत उभं करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला राहिलं. संध्याकाळी आजीला विजयी मुद्रेनं सांगितलं, तर ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, "असेल कुठेतरी ग्रहण आज."

तिचं तरी सगळं पंचांगावर. आणि पंचांग म्हणतं, आपल्या गावातून जे ग्रहण दिसणार नाही ते पाळू नका. मला याची फार गंमत वाटते. दिसतं तेच पाळायचं, आणि आमच्या घरात पाळायचं म्हणजे ते बघायचं नाही!

राहूचंही तसंच. अमृत प्यायला बसलेल्या स्वर्भानू असुराची सूर्य-चंद्रांनी चहाडी केली, विष्णूनं चक्र सोडलं, शिराचा राहू झाला नि धडाचा केतू. इकडे आर्यभटानं इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवलं की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. पण गणित करणाऱ्यांनी राहूला हाकललं नाही, कामाला लावलं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी पाचेक अंशांनी तिरकी आहे. त्या दोन वाटा जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. कायम समोरासमोर, आणि जागेवर काहीही नसलेले. धड नसलेलं डोकं! बिंदूचं याहून चोख वर्णन भूमितीच्या पुस्तकातही सापडायचं नाही.

मोक्ष झाला की गल्लीत हाक यायची, "दे दान, सुटे गिराण!" मग सुपातून धान्य निघे, जुनी लुगडी निघत. आजीचं दानही अंगणातच, वरून, हात न लागता. वर्षभर ज्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, त्यांच्या हाकेवर सूर्य सुटायचा. तेव्हा त्यात काही खटकलं नाही, हे आता खटकतं.

हा 'वेध' शब्द मात्र मराठीनं सगळीकडून वापरला. वेधशाळेत वेध घेतात, स्वयंपाकघरात वेध पाळतात. आणि उपाशी पोटी मोक्षाची वाट बघण्यातूनच की काय, आपल्याला सुट्टीचे, पावसाचे, माहेरचे वेध लागतात. सुटकेचा शिरस्ता मोडून लग्नाचेही लागतात.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचे वेध दुपारीच लागले होते. आम्ही कुणी पाळत नाही, व्यवस्थित जेवून रात्री अकराला गच्चीवर गेलो. ढगांच्या फटीतून तांबूस, विस्तवावर राख धरावी तसा चंद्र. ८२ मिनिटं तो तसाच होता; आम्ही पाऊण तासात जांभया देत खाली आलो.

सकाळी चहा गाळताना गाळण्यात दुधातलं तुळशीचं पान आलं. ते कुणी टाकलं, हे घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही.